बोट ठेवलं तिथे सही

५ फेब्रुवारी

जे दुखत नाही ते आजारी आहे, हे माणसाला कसं पटवायचं? पाच वर्षं दातांचं शिकले, हिरड्यांच्या पेपरला वर्गात पहिली आले, आणि या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही.

आज दोघेच आले. पहिल्या बाईंना दात पांढरे करून हवे होते. हिरडीला नुसता आरसा टेकला तर रक्त आलं. मी म्हटलं, वरवर घासून भागणार नाही, हिरडीच्या आत मुळापर्यंत किटण साचलंय, खोल सफाई करावी लागेल. त्या म्हणाल्या, "दुखत तर नाहीये काही. मग कशाला उगाच कोरत बसायचं? माझ्या नणंदेने केली होती, तिचे चांगले घट्ट दात हलायला लागले." आणि पर्स उचलून गेल्या. दुसऱ्या गृहस्थांना शेजारच्या चष्म्याच्या दुकानात जायचं होतं.

मॅडमनी महिन्यापूर्वी त्यांच्या दवाखान्यातली दुसरी खुर्ची मला दिली, तेव्हा म्हणाल्या होत्या, "दात माझे, हिरड्या तुझ्या." माझ्या हिरड्या काही येत नाहीत.

संध्याकाळी बाबांना चित्र काढून दाखवलं. हा दात, ही हिरडी, हिरडी सुटली की मध्ये असा खिसा तयार होतो, त्यात घाण साठते आणि आतलं हाड झिजतं. बाबांच्या स्वतःच्या हिरड्या सुजलेल्या आहेत. ते सफरचंद चावतात तेव्हा फोडीवर लाल ठसा उमटतो, मी लहानपणापासून पाहते आहे. तेव्हा मला वाटायचं, सफरचंदाचाच रंग असेल.

"आज किती आले?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"थांबले?"

"एकही नाही."

ते चित्राचा कागद बराच वेळ हातात धरून बसले.

६ फेब्रुवारी

चित्राचा परिणाम झाला! सकाळी बाबा बूट घालता घालता म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमची ती खुर्ची रिकामी असेल तेव्हा येऊ का?" मी म्हटलं, रिकामी असेल तेव्हा कशाला, रीतसर वेळ घेऊन या.

शांतपणे, शास्त्र धरून सांगितलं की माणसाला पटतं. उद्यापासून प्रत्येकाला चित्र.

९ फेब्रुवारी

बाबांची तपासणी केली. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी बारीक सळई घालून खिसा किती खोल आहे ते मोजायचं. मी आकडे मोठ्याने सांगते, मावशी तक्त्यात लिहितात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चारपासून काळजी. (मावशी म्हणजे मॅडमच्या मदतनीस. दवाखान्यात त्या मॅडमच्याही आधीपासून आहेत असं त्यांचं म्हणणं.)

"चार, तीन, पाच. पाच, पाच, सहा."

बाबांनी हात वर केला. मी सळई काढली.

"सहा नंबरला कुठली गाडी लागलीय म्हणायची?"

मावशींना हसू आवरेना, त्यांच्या दोन ओळी चुकल्या. बाबा एकतीस वर्षं बसस्थानकाच्या माइकवर आहेत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, किती वाजता सुटणार, हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय इथलं कुणी गाडीत चढत नाही. ड्रायव्हर, कंडक्टर सगळे त्यांना माइकवाले काका म्हणतात. जुलैअखेर निवृत्त होतील. आमचं घर स्थानकाच्या मागच्या गल्लीत आहे. आई घड्याळ बघत नाही, त्यांना ऐकते.

खालचे जवळजवळ सगळे पाच आणि सहा. वर उजवीकडे एका दाढेपाशी सात. सात ऐकून मॅडमनी त्यांच्या खुर्चीवरून मान वळवून पाहिलं.

१२ फेब्रुवारी

पहिली बैठक. खालची उजवी बाजू झाली.

मॅडमचा नियम असा, की संमतीचा फॉर्म रुग्णाला पूर्ण वाचून दाखवायचा किंवा वाचू द्यायचा, शंका विचारायला वेळ द्यायचा, मगच सही घ्यायची. दोन पानी फॉर्म आहे. बाबांनी तो हातात घेतला आणि चष्म्यासाठी खिसा चाचपू लागले. मी म्हटलं, "अहो बाबा, चष्मा कशाला? इथे फक्त सही करा." त्यांनी अर्धा बाहेर काढलेला चष्मा परत ठेवला. मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली. मावशी म्हणाल्या, "घरच्या मुलीपुढे कसला फॉर्म!"

आमच्याकडे माझ्या दहावीपासून सगळे कागद मीच पाहते. पाण्याचा अर्ज, विजेचा अर्ज, आईच्या ऑपरेशनचे कागद. घरात माझ्याइतकं कुणी शिकलेलं नाही. मी बोट ठेवते तिथे दोघं सही करतात. लोकांच्या घरी कागदांवरून किती वाद होतात. आमच्याकडे एवढा विश्वास आहे, याचं मला नेहमी बरं वाटतं.

बाजू बधिर केली आणि खरवडायला घेतलं. पुढच्या दातांच्या मागे किटणाची अखंड भिंतच होती. तिचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निघाला तेव्हा मला एखादी खाण खोदल्यासारखा आनंद झाला. बाबांनी डोळे मिटूनच अंगठा वर केला.

१६ फेब्रुवारी

दुसरी बैठक. खालचं सगळं पूर्ण. उरलेली भिंतही गेली. बाबा आरशात न बघताच निघाले. पावणेबाराच्या गाडीला माइकवर पोचायचं होतं.

२४ फेब्रुवारी

आज बाबांच्या हिरड्या पाहिल्या. सूज उतरली, रंग गुलाबी, सळई लावली तरी रक्ताचा थेंब नाही. मी आईला हाक मारून दाखवलं. आई म्हणाली, "छान आहे गं," आणि बाबांकडे पाहिलं.

सूज उतरल्यामुळे आणि किटण गेल्यामुळे पुढच्या दातांमध्ये काळ्या त्रिकोणी फटी दिसतात. हे अपेक्षितच असतं, पुस्तकात आहे. मी फोटो काढून मॅडमना पाठवला.

बाबा हल्ली घरी कमी बोलतात. विचारलं तर म्हणतात, "मस्त आहे सगळं." पाणी गार लागत असणार. मुळं उघडी पडली की लागतं. वेगळी टूथपेस्ट आणून दिली.

२ मार्च

बातमी चांगली आहे. बाबांना माइकवरून चौकशीच्या खिडकीत बसवलंय. ते म्हणाले, "बरं झालं. एकतीस वर्षं त्या काचेच्या डबीत बसून कंटाळा आला होता. इथे माणसं तरी दिसतात." स्थानकप्रमुखांनी त्यांच्या वयाचा विचार केला, हे मला आवडलं.

पण वरच्या बाजूची तारीख त्यांनी तिसऱ्यांदा पुढे ढकलली. कधी गर्दी, कधी डोकं दुखतंय. मी जरा कडक बोलले. अर्धवट उपचार म्हणजे उपचार नव्हेत, शहाण्या माणसाने असं करू नये, वगैरे. त्यांनी मान डोलावली. आई मध्येच म्हणाली, "पुरे आता." मला वाटतं, ती त्यांना फार लाडावते.

७ मार्च

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिणार आहे.

एक ड्रायव्हर आले होते, अक्कलदाढ दुखत होती. मॅडम दुसरीकडे अडकल्या होत्या म्हणून मी पाहत होते. गप्पांत मी म्हटलं, माझे बाबा तुमच्याच स्थानकावर आहेत.

"माइकवाले काका? तुम्ही त्यांची मुलगी होय! अहो, काय झालं त्यांच्या आवाजाला? 'सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी सुटणारी' म्हणायला लागले की प्रत्येक शब्दाला शिट्टी. फलाटावरची कॉलेजची पोरं लागली मागून शिट्ट्या मारायला. कंडक्टर लोक तर डबल बेल समजून गाडी सोडायचे म्हणे." ते हसले. मग माझ्याकडे पाहून थांबले. "चेष्टेत हो. साहेबांनी हटवलं तेव्हा आम्ही चार जण जाऊन बोललोसुद्धा. नवीन बाई आहेत त्या चांगल्या आहेत, पण त्या वाचतात. काका सांगायचे."

मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. दाढ पाहिली. औषध लिहून दिलं. अक्षर नीट आलं.

मग कपाटातून बाबांची फाइल काढली. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर, सातवा मुद्दा: 'सूज उतरल्यावर दातांमधल्या फटी उघड्या पडू शकतात व काही काळ बोलण्यात फरक जाणवू शकतो.' त्याखाली बाबांची सही. वळणदार, सावकाश केलेली.

८ मार्च

मॅडमना सगळं सांगितलं. त्या हात धूत होत्या, धूतच राहिल्या.

"फॉर्म वाचून दाखवलास?"

"नाही."

"त्यांना वाचता येतं ना?"

मी म्हटलं, मॅडम, ते आयुष्यभर वाचतच आलेत. अख्खा गाव त्यांचं वाचलेलं ऐकतो. आणि बोलता बोलताच मला तो चष्मा आठवला. अर्धा बाहेर काढलेला.

मॅडमनी नळ बंद केला. "काम तू चांगलं केलंस. फोटोत दिसतंय. ही सफाई नसती केली तर दोन-तीन वर्षांत खालचे दात हातात आले असते. पण तू मुलगी म्हणून विचारलंस आणि डॉक्टर म्हणून केलंस. एकच काहीतरी निवडायचं होतंस." मग जरा मऊ आवाजात, "आण त्यांना. फटींवर करण्यासारखं आहे. मागून दात एकत्र बांधून घेता येतात, पुढून थोडं भरता येतं. जिभेलाही सवय होते. रडू नकोस, मावशी बघतायत."

मावशी बघत नव्हत्या. त्या पाठ करून उगाच कापूस मोजत होत्या.

९ मार्च

आईला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तिने तर घरातूनच ऐकलं होतं. घरात मीही होते, पण लहानपणापासून सवयीच्या झालेल्या त्या आवाजाकडे माझं लक्षच नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगू नको म्हणाले. आत्ता कुठे तिचा हात बसतोय, म्हणाले." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "आणि तू केवढी खूश होतीस. फोटो काय, हिरड्या काय."

"म्हणून माणसाने मुकाट राहायचं?"

"मग काय करायचं? तुला सांगायचं की बाई, तुझं चुकलं? पाच वर्षं तू काय शिकलीस ते आम्हाला कळलं नाही. आमच्या हातात होतं ते एवढंच, की तू म्हणशील तिथे तोंड उघडायचं."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

१० मार्च

सकाळी बाबा गच्चीवर होते. आई म्हणाली, रोज जातात, फिरायला म्हणून. मी जिना चढून दाराशी थांबले. ते पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभे होते, हातात वेळापत्रक. "सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी." शिट्टी. पुन्हा. जीभ जरा मागे ओढून पुन्हा. शिट्टी बारीक झाली. पुन्हा. टाकीच्या पोकळीत आवाज घुमत होता. माइकसारखा वाटतो म्हणून ती जागा निवडली असणार.

मी पुढे झाले. "बाबा."

"अगं!" त्यांनी वेळापत्रकाची घडी घातली. "काय, आज लवकर?"

"माझं चुकलं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं असं होऊ शकतं म्हणून. कागदात लिहिलेलं होतं. मी वाचू दिला नाही."

"दात छान झालेत," ते म्हणाले. "सकाळी तोंडाला वास येत नाही. तुझी आई म्हणाली."

"बाबा, मी दातांचं बोलत नाहीये."

"मी बोलतोय ना." मग म्हणाले, "बरं, डॉक्टर म्हणून सांग. जीभ कुठे लावली तर कमी सुटते हवा?"

मला हे खरंच माहीत नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि आम्ही दोघांनी शोधून काढलं. जिभेचं टोक खाली न टेकवता किंचित वर. पाऊण तास आम्ही सहा आणि सात म्हणत बसलो होतो. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू दोनदा थांबून बघून गेल्या.

१५ मार्च

मॅडमनी स्वतः बाबांचे खालचे सहा दात मागून बारीक तारेने बांधले, वर दातांच्याच रंगाचं लेपन केलं. फटी अर्ध्याहून बुजल्या. उरलेल्या ठेवाव्या लागतात, नाहीतर ब्रश जाणार नाही. आधी त्यांनी बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिघडलं तर परत काढता येईल?" मी अडीच महिन्यांत एकाही रुग्णाच्या अशा प्रश्नासाठी थांबले नव्हते.

वरची बाजू अजून राहिली आहे. तिथे ती सातची दाढ आहे. सफाई केली की वरही फटी उघडतील. नाही केली तर आत हाड झिजत राहील. आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अगं, तू नुसतं 'उद्या या' म्हण. येतील ते."

येतील. मला माहीत आहे, येतील. म्हणून तर आठवडाभर माझ्या तोंडून ते निघत नाहीये.

१९ मार्च

आज फॉर्म घरी आणला. कोरा. जेवणं झाल्यावर बाबांपुढे ठेवला आणि मी हात मागे बांधून बसले. बोट कुठे ठेवायची इच्छा होऊ नये म्हणून.

बाबांनी चष्मा लावला. मग खाकरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी त्यांना इतक्या जवळून असं वाचताना कधी ऐकलंच नव्हतं. प्रत्येक मुद्द्यानंतर थांबत होते, गाडी सुटायला वेळ द्यावा तसे. आई दारात येऊन उभी राहिली. सातव्या मुद्द्याला आले. "'काही काळ बोलण्यात फरक जाणवू शकतो.'" थांबले. "हे होतं होय यात?"

"होतं."

त्यांनी तीच ओळ मनात पुन्हा वाचली. ओठ हलताना दिसले. मग "हं" म्हणून आठव्यावर गेले.

सगळं वाचून झाल्यावर मी विचारलं, "तेव्हा वाचला असता तर आला असता का तुम्ही?"

"आलो असतो की." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण जुलैनंतर."

आईने उगाच पाण्याचा तांब्या भरला.

"आता वरचं," बाबा म्हणाले. "चार महिने थांबलो तर काय होईल? खरं सांग. घाबरवू नकोस आणि माझी समजूतही काढू नकोस."

मी रुग्णाला सांगावं तसं सांगायचा प्रयत्न केला. आवाज जरा वेडावाकडा आला. "रोज मी दाखवीन तसा दातांच्या मधला ब्रश फिरवलात आणि महिन्याला मॅडमना दाखवलंत, तर बाकीचे टिकतील. ती उजवी दाढ... माहीत नाही. कदाचित नाही टिकणार."

"एक दाढ."

"एक. पण बाबा, सात म्हणजे..."

"सातचं मला कळलं. मी हजर होतो तिथे." ते हसले. खालच्या दातांचं बांधकाम दिसलं. "त्या दाढेचं माझ्यावर. एकतीस वर्षं त्या डबीतून सगळ्यांना गाडीत बसवलं. शेवटचे चार महिने खिडकीत बसून निवृत्त होणार नाही मी. साहेबांशी बोललोय. सोमवारी सकाळची पाळी देतायत, ऐकून बघतो म्हणाले. ऑगस्टला तुझ्या खुर्चीत येतो. मग पाहिजे तेवढं खोद."

माझ्याकडे तीन युक्तिवाद तयार होते, तिन्ही बरोबर. हाडाचा, वयाचा आणि एक मुलीचा. मुलीचा लागू पडला असता.

फॉर्मवर त्यांनी सही केली नाही. घडी घालून वेळापत्रकाच्या वहीत ठेवला. "तेव्हा परत वाचीन," म्हणाले.

२३ मार्च

सोमवार. आई आणि मी चहा न पिताच खिडकीशी उभ्या होतो. सहाला पाच कमी असताना खरखर झाली, आणि बाबा आले. "सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी सुटणारी..." सहाला जरा हवा सुटली. सातला नाही. कुठल्या तरी ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने, मग स्थानकभर नुसता गोंगाट. बाबा म्हणाले, "चालकांनी कृपया विनाकारण हॉर्न वाजवू नये," त्यातही जराशी शिट्टी होती, आणि आई खिडकीला टेकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मी लवकर दवाखान्यात गेले. बाबांची फाइल काढून त्यात दोन नोंदी केल्या. पहिली: १२ फेब्रुवारीचा फॉर्म रुग्णाला वाचू न देता सही घेतली. दुसरी: वरच्या बाजूची सफाई रुग्णाच्या निर्णयानुसार ३ ऑगस्टला, उजव्या दाढेचा धोका सांगितला आहे, त्यांना समजला आहे. दोन्हींखाली माझं नाव आणि सही.

मॅडमनी वाचलं. "पहिली नोंद कायमची राहते, माहीत आहे ना? कुणीही फाइल उघडली की दिसेल."

"हो."

"आणि दाढ गेली तर?"

त्यांनी फाइल माझ्याकडे परत दिली. मी ती कपाटात तिच्या जागेवर लावली आणि पहिल्या रुग्णाला आत घेतलं. फॉर्म त्यांच्या हातात दिला, खुर्ची खिडकीकडे वळवली, म्हणजे त्यांना उजेड नीट मिळेल, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत बाजूला उभी राहिले.